बांधातली घरं आणि पहाटेची फुलं : भोपळ्याच्या एका मळ्यात रानमाश्या वाचवण्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका भाजीपाल्याच्या मळ्यातलं आहे. मळा नवरा-बायको मिळून कसतात. त्यांची नावं, ठिकाण आणि ओळख पटेल असे तपशील मुद्दाम गाळले आहेत. लिखाणात त्यांना काका आणि काकू म्हणते, कारण बोलताना मी त्यांना तेच म्हणत होते. माझं काम शेतातल्या परागणाशी संबंधित आहे. भोपळ्याची 'सेटिंग', म्हणजे फळधारणा, का होत नाही, एवढंच बघायला त्यांनी मला बोलावलं होतं.

मळ्यात मुख्य पीक लाल भोपळ्याचं. त्याला लागूनच मांडवावर दोडका. पूर्वेच्या अंगाला जुना, रुंद मातीचा बांध होता. त्यावर गवत, आपोआप उगवलेली रानफुलं आणि एक वठलेलं झाड होतं. बांधापलीकडे शेजाऱ्यांचं शेत. बांध दोघांचा सामाईक, आणि पुढे सगळ्यात जास्त चर्चा याच बांधावर झाली.

काकूंच्या आठवणीप्रमाणे पूर्वी वेलांना न मोजता येण्याइतके भोपळे धरायचे. अलीकडच्या काही हंगामांत मळ्यात बरेच बदल झाले होते. रोप लहान असतानाच बुडाशी इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाची आळवणी सुरू झाली, म्हणजे औषध पाण्यात मिसळून मुळांशी ओतणं. वेलांखाली प्लॅस्टिकचं आच्छादन आलं. बांधावर वर्षातून दोनदा तणनाशक मारायचं आणि सुकलेलं गवत पेटवून द्यायचं, हेही ठरून गेलं. प्रत्येक बदलामागे त्यांचं साधं आणि समजण्यासारखं कारण होतं. मजुरी वाचत होती, लाल भुंगेऱ्यांपासून (पानं खाणारे कीटक) रोपं वाचत होती, बांध 'स्वच्छ' दिसत होता. या सगळ्याचा फुलावर येणाऱ्या माशीशी संबंध असेल, असं कुणाच्या मनात येण्याचं कारणही नव्हतं.

अडचण काय होती

वेल जोमदार होते. नर फुलं भरपूर, मादी फुलंही पुरेशी. मादी फूल ओळखायला सोपं असतं, पाकळ्यांच्या खाली आधीपासूनच छोटा भोपळा दिसतो. हे छोटे भोपळे फूल मिटल्यावर चार-पाच दिवसांत पिवळे पडून गळत होते. जे टिकत होते त्यांतले बरेच एका बाजूला फुगलेले आणि दुसऱ्या बाजूला खप्पड होते.

असा वेडावाकडा भोपळा पाहिला की माझं लक्ष आधी परागणाकडे जातं. फळातल्या प्रत्येक बीला स्वतंत्र परागकण लागतो. बी धरली की तिच्या भोवतीचा गर वाढतो. पराग कमी पडले की काही बिया पोकळ राहतात आणि त्या बाजूचा गरही वाढत नाही. भोपळ्याचा पराग मोठा, चिकट आणि काटेरी असल्यामुळे वाऱ्याने उडत नाही. नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं असल्यामुळे मधे कुणीतरी ने-आण करावीच लागते. त्यातही फूल उमलतं पहाटे आणि ऊन चढलं की मिटतं, ते पुन्हा उघडत नाही. त्या चार-सहा तासांत एकदा नव्हे, अनेकदा भेट झाली तर भोपळा गोल भरतो.

काकांना मात्र आधी खताची शंका होती. कुणी बोरॉन कमी असल्याचं सांगितलं होतं, कुणी मादी फुलं वाढवणारं संजीवक फवारायला. दोन्ही शक्यता विचार न करता झटकून टाकण्यासारख्या नव्हत्या, म्हणून आधी तपासून बघायचं ठरलं.

तपासणी

पद्धत अगदी सोपी आहे आणि कुणालाही आपल्या शेतात करता येते. दुसऱ्या दिवशी उमलतील अशा मादी कळ्या आदल्या संध्याकाळी हेरायच्या. काहींवर पातळ कापडाची पिशवी बांधायची, म्हणजे कुठलाच कीटक आत जाणार नाही. काहींवर पिशवी बांधायची, पण पहाटे ती सोडून नर फुलाने हाताने पराग लावायचा आणि पुन्हा बांधायची. काही फुलं नुसती दोरा बांधून खुणेला ठेवायची आणि बाकी निसर्गावर सोडायची.

आठवड्याभरात उत्तर मिळालं. फक्त पिशवी बांधलेल्या फुलांतलं एकही धरलं नाही. हाताने पराग लावलेली बहुतेक धरली आणि गोल वाढू लागली. मोकळी सोडलेली निम्म्याहून अधिक गळाली. वेल तोच, माती तीच, खत तेच. तेव्हा कमतरता बोरॉनची नव्हती आणि मादी फुलांचीही नव्हती, ती परागाच्या वाहतुकीची होती. संजीवक फवारून आणखी मादी फुलं आणली असती तर गळणाऱ्या कळ्याच वाढल्या असत्या.

मग पहाटे फुलांजवळ बसून कोण येतंय ते पाहिलं. फुलं पिवळीधमक उघडलेली, पराग ओतप्रोत, आणि येणारं जवळपास कुणी नाही. अधूनमधून एखादा मोठा काळा भुंगा यायचा, तोही रानमाशीचाच एक प्रकार. नखाएवढ्या छोट्या घाममाश्या, म्हणजे रानमाश्यांचाच एक प्रकार, ज्या वेलवर्गीय फुलांवर एरवी सहज दिसतात, त्या फक्त बांधाच्या बाजूच्या पहिल्या काही ओळींत होत्या. मळ्याच्या मधोमध त्या दिसल्याच नाहीत.

या निरीक्षणाने तपासाची दिशा ठरली. छोट्या एकांड्या माश्यांची झेप मर्यादित असते, घरापासून साधारण दीडशे ते सहाशे मीटर. त्या बांधाजवळच दिसत असतील तर त्यांची घरं बांधातच असली पाहिजेत.

बांधावर गेलो. तणनाशकातून सुटलेल्या एका उघड्या, पूर्वेकडे उतरत्या तुकड्यावर मातीचे बारीक ढीग होते आणि प्रत्येकाच्या मधोमध पेन्सिल जाईल एवढं भोक. काका म्हणाले, "ताई, ही मुंग्यांची बिळं. यांच्यावर पावडर टाकायची राहिलीय." आम्ही थोडा वेळ तिथेच उकिडवं बसलो. एका भोकातून माशीचं डोकं वर आलं, बाहेरचा अंदाज घेतला आणि ती उडाली. काही वेळाने दुसरी परत आली, तेव्हा तिचे मागचे पाय परागाने पिवळे झाले होते. काका काही बोलले नाहीत. पावडरीचा विषय मात्र तिथेच संपला.

या माश्यांबद्दल थोडं

मधमाशी म्हटलं की पोळं आणि मध आठवतो, पण जगात रानमाश्यांच्या २०,००० हून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक मध साठवत नाहीत, पोळंही बांधत नाहीत. साधारण ७० टक्के जाती जमिनीत बीळ करून राहतात. मादी एकटीच बोगदा खणते, आत लहान लहान कप्पे करते, प्रत्येकात पराग आणि मकरंदाचा गोळा ठेवते, त्यावर एक अंडं घालते आणि कप्पा बंद करते. उडताना आपल्याला दिसणारी माशी काही आठवडे जगते. तिच्या पुढच्या पिढीचा कितीतरी मोठा काळ मातीखाली, अळी किंवा कोषाच्या रूपात जातो.

शेतीच्या दृष्टीने हा तपशील फार मोलाचा आहे. शेतात माशी दिसत नाही तेव्हाही ती असते, आपल्या पायाखाली असते. त्या काळात खोल नांगरट झाली, वरून प्लॅस्टिक पसरलं किंवा मातीत विष मुरलं, तर पुढच्या हंगामाची माशी बाहेर येतच नाही. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात भोपळावर्गीय पिकांवर अवलंबून असणाऱ्या, जमिनीत राहणाऱ्या माशीवर झालेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. लागवडीच्या वेळी मातीतून इमिडाक्लोप्रिड दिलेल्या वेलांवर वावरणाऱ्या माद्यांनी ८५ टक्के कमी बिळं खणली आणि त्यांची पुढची पिढी ८९ टक्क्यांनी घटली. आमच्या मळ्यातली माशी त्या जातीची नव्हती, म्हणून तेच आकडे इथे लागू होतात असं मी म्हणणार नाही. पण औषध तेच, देण्याची पद्धत तशीच आणि माशीचं घरही जमिनीतच. हे आंतरप्रवाही औषध मुळांतून वेलात चढतं आणि पराग-मकरंदातही उतरतं. मातीत ते महिनोन्‌महिने टिकू शकतं. युरोपीय संघाने इमिडाक्लोप्रिडसह निओनिकोटिनॉइड या कीटकनाशक गटातल्या तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर २०१८ साली बंद केला, तो माश्यांना असलेल्या धोक्यामुळेच.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय हाताने परागण. तो चालतो हे तपासणीतच दिसलं होतं. पण रोज पहाटे प्रत्येक मादी फुलाला हात लावणं हे पूर्ण हंगामाचं काम नाही. चालू हंगाम सावरण्यापुरता तो स्वीकारला.

दुसरा पर्याय होता मधमाश्यांच्या पेट्या आणून ठेवण्याचा, आणि शेजाऱ्यांना तोच पसंत होता. यावर बराच खल झाला. पेट्यांना माझा सरसकट विरोध नाही. मोठ्या सलग बागांमध्ये, फुलोऱ्याच्या ठरावीक दिवसांत त्यांचा उपयोग होतो. इथे मात्र तीन अडचणी होत्या. मळ्यातलं विष तसंच राहिलं असतं तर पेटीतल्या माश्यांचंही तेच झालं असतं जे बांधातल्यांचं झालं. पाळीव माशीची झेप काही किलोमीटरची असते, त्यामुळे आसपास जास्त मकरंदाचं पीक फुललं की ती भोपळा सोडून तिकडे वळते. शिवाय भोपळ्याचं फूल अंधुक उजेडात उमलतं, तेव्हा भुंगे आणि काही रानमाश्या कामाला लागलेल्या असतात आणि पेटीतल्या माश्यांना ऊन थोडं वर यावं लागतं. आणखी एक काळजी माझ्या मनात होती. आधीच मोजक्या उरलेल्या रानमाश्यांच्या शेजारी हजारो पाळीव माश्या आणल्या तर बांधावरच्या थोडक्या फुलांसाठी स्पर्धा वाढते. एकाच फुलावर बसण्यातून पाळीव माश्यांचे विषाणू रानमाश्यांमध्ये जातात, हेही दिसून आलेलं आहे.

रानमाश्यांवर विसंबण्यामागे भक्कम आधार होता. जगभरातल्या ४१ पीकपद्धतींमधल्या ६०० शेतांची माहिती एकत्र करून २०१३ साली एक मोठा अभ्यास झाला. रान कीटकांच्या भेटींमुळे फळधारणेत होणारी वाढ पाळीव मधमाशीच्या तितक्याच भेटींपेक्षा जवळपास दुप्पट होती, असं त्यात आढळलं. पाळीव माश्या शेतात असल्या तरी रानमाश्यांचं काम त्यांना पूर्णपणे भरून काढता येत नव्हतं.

तिसरा पर्याय म्हणजे मळ्यातच उरलेल्या माश्यांना जगू देणं आणि वाढू देणं. तो ऐकायला छान वाटतो, पण त्याचा परिणाम त्याच हंगामात दिसणार नव्हता आणि काकांना भाजी त्याच हंगामात विकायची होती. काकूंनी तेव्हा विचारलं, "माश्या वाढेपर्यंत आम्ही काय करायचं ते आधी सांगा." हा प्रश्न विचारला गेला नसता तर पुढचा आराखडा कागदावरच राहिला असता. म्हणून चालू हंगामात बांधापासून लांबच्या ओळींत हाताने परागण, बांधाजवळ ज्या थोड्या माश्या आहेत त्यांच्यावर भरवसा, आणि पुढच्या लागवडीपासून आळवणी बंद, असा टप्प्याटप्प्याचा निर्णय झाला.

प्रत्यक्ष काय केलं

आळवणी थांबवणं काकांना सर्वांत जड गेलं. लाल भुंगेरे कोवळी रोपं एका रात्रीत चाळण करतात, ही त्यांची भीती खरी होती. पण हा कीटक मोठं नुकसान करतो ते रोप लहान असताना. वेल पसरला की तो पानं खातो, तरी वेल तग धरतो. मग रोपांवर सुरुवातीचे आठवडे पातळ कापडाचं आच्छादन ठेवायचं आणि मादी फुलं दिसू लागली की ते काढायचं, असं ठरलं. सकाळी गारव्यात भुंगेरे सुस्त असतात, तेव्हा ते हाताने वेचायचं काम काकूंनी अंगावर घेतलं.

भुरी या बुरशीजन्य रोगावरच्या फवारणीतही एक बदल झाला. काका वेळ वाचवायला बुरशीनाशक आणि कीटकनाशक एकाच टाकीत मिसळत. अॅझोल गटातली काही बुरशीनाशकं माशीच्या शरीरातली विष पचवण्याची यंत्रणा मंदावतात आणि सोबतचं कीटकनाशक कित्येक पट मारक ठरतं. दोन औषधं वेगवेगळी माशीला सोसवली तरी एकत्र सोसवतीलच असं नाही. हे मिश्रण थांबलं.

फळं किडवणाऱ्या फळमाशीसाठी क्यू-ल्यूर या आमिषाचे सापळे लावले आणि किडलेली फळं रोज गोळा करून खोल पुरायला सुरुवात केली. हे दुसरं काम कंटाळवाणं आहे, पण वगळता येत नाही. किडलेलं फळ शेतात पडून राहिलं की त्यातल्या अळ्या मातीत उतरून कोष करतात आणि सापळे कितीही लावले तरी नवी फळमाशी येतच राहते.

दोडक्याचा पेच

इथपर्यंत सगळं पुस्तकाप्रमाणे चाललं होतं. फवारणी करावीच लागली तर संध्याकाळी करा, हा सर्वत्र दिला जाणारा सल्ला मळ्यातही पाळायला सुरुवात झाली. भोपळ्याची फुलं तेव्हा मिटलेली असतात आणि बहुतेक माश्या घरी परतलेल्या असतात. भोपळ्यापुरतं हे बरोबर होतं.

पण शेजारी दोडका होता. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं आणि रात्रभर उघडं असतं. त्याच्याच जवळचं घोसाळं पहाटे फुलतं, कारलंही सकाळी फुलतं, दुधी आणि पडवळ मात्र संध्याकाळनंतर. एकाच वर्गातल्या या वेलांची वेळापत्रकं इतकी वेगळी आहेत. संध्याकाळची फवारणी भोपळ्याच्या माश्यांना वाचवत होती आणि नेमकी दोडक्याच्या फुलावर येणाऱ्या पतंगांच्या आणि तिन्हीसांजेला उडणाऱ्या माश्यांच्या तोंडावर पडत होती. दक्षिण आशियात तर भुंग्यांची एक जात, झायलोकोपा ट्रँक्वेबारिका, पूर्ण निशाचर आहे आणि चंद्र नसलेल्या रात्रीही फुलं शोधते. रात्री परागण करणाऱ्यांचा विचार फार कमी लोक करतात, कारण आपण तेव्हा शेतात नसतो.

ही गोष्ट काकूंच्या लक्षात आली. दोडक्याची तोडणी त्या करत असत आणि फवारणीनंतरच्या तोड्यांना वाकडी फळं वाढल्याचं त्यांनी सांगितलं. फवारणीमुळेच ती वाढली असं एवढ्यावरून ठामपणे म्हणता येणार नाही, पण वेळापत्रक पुन्हा मांडून बघायला ते पुरेसं होतं.

दोन्ही पिकांची फुलं मिटलेली असतील अशी वेळ दिवसात एकच उरत होती, भर दुपारची. त्या वेळी फवारलं तर उन्हाने पानं करपतात, औषध उडून जातं आणि फवारणाऱ्यालाही त्रास होतो. दुपारी बांधावरची रानफुलं उघडी असतात, तिथल्या माश्यांचं काय, हाही प्रश्न होता. आम्ही बराच वेळ सुवर्णमध्य शोधत होतो आणि तो वेळेच्या बदलात नव्हता. शेवटी निर्णय असा झाला की दोडक्यावर फुलोऱ्याच्या काळात कुठलीच फवारणी करायची नाही. सापळे, किडक्या फळांची वेचणी आणि काही फळांना कागदी पिशव्या, एवढ्यावर भागवायचं. पुढच्या लागवडीपासून दोडक्याचा मांडव भोपळ्यापासून दूर, मळ्याच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा, म्हणजे एकाच्या उपचाराचा दुसऱ्याला उपद्रव होणार नाही.

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा वळणबिंदू हाच आहे. 'माश्यांसाठी सुरक्षित वेळ' अशी कुठली वेळ नसते. कुठलं फूल केव्हा उघडतं आणि त्यावर कोण येतं, हे त्या शेतात पाहूनच ती ठरवावी लागते.

बांधाचा प्रश्न

बांध सामाईक असल्यामुळे एकट्या काकांच्या मनावर काही नव्हतं. शेजाऱ्यांना तो यंत्राने सरळ करून अरुंद करायचा होता. त्यांचंही म्हणणं चुकीचं नव्हतं. बांधावरच्या तणाचं बी त्यांच्या शेतात येत होतं आणि दाट गवतात साप असण्याची भीती होती.

त्यांच्याशी बोलताना जैवविविधतेपासून सुरुवात करायची नाही, असं काकूंनी मला आधीच बजावलं होतं. त्या म्हणाल्या, "त्यांना बिळं दाखवा, बाकी नंतर बोला." शेजारी आले, पाहून गेले. आपल्याही वेलांना याच माश्या येतात हे त्यांना पटलं, पण संपूर्ण बांध जसाच्या तसा ठेवायला ते तयार नव्हते. तोडगा असा निघाला की पूर्वेकडे उतरता, उघड्या मातीचा, जिथे बिळं दाट आहेत तेवढा भाग आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा थोडा पट्टा कुणी हलवायचा नाही. तिथे नांगर नाही, आग नाही, तणनाशक नाही. उरलेल्या बांधावरचं गवत पेटवण्याऐवजी कापायचं, तेही एका वेळी सगळं नाही. एक टप्पा कापला की दुसरा टप्पा त्यावरची फुलं संपेपर्यंत तसाच ठेवायचा. तणाला बी धरण्याआधी कापणी केली की शेजाऱ्यांची तक्रारही उरत नव्हती.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात टचेट खोऱ्यातले लसूणघासाच्या बियाण्याचे शेतकरी जमिनीत राहणाऱ्या क्षारमाशीसाठी राखीव जमिनीच मोकळ्या ठेवतात, त्यांत ओल आणि क्षार सांभाळतात. ती मोठ्या प्रमाणावरची शेती आहे आणि तिच्याशी या बांधाची तुलना होत नाही. पण शेतकरी स्वतःच्या पिकासाठी मातीचा तुकडा माशीला राखून ठेवतो, हे अव्यवहार्य नाही एवढं शेजाऱ्यांना सांगायला तो दाखला उपयोगी पडला.

वठलेलं झाड जळणासाठी तोडायचं होतं, ते राहू दिलं. काळे भुंगे कोरड्या लाकडात बोगदे करतात आणि या मळ्यात पहाटे पहिल्यांदा फुलावर येणारे तेच होते. बांधाच्या कडेने काकूंनी सूर्यफूल आणि तूर टोकली, थोडी कोथिंबीर फुलोऱ्यावर सोडली. भोपळा काही आठवडेच फुलतो. त्याच्या आधी आणि नंतर माशीला खायला काही नसेल तर बांधातल्या घरांचा उपयोग नाही.

परिणाम

पुढच्या हंगामात बांधाजवळच्या ओळींमध्ये फळधारणा स्पष्ट सुधारली आणि वेडेवाकडे भोपळे कमी झाले. घाममाश्या आता मळ्याच्या मध्यापर्यंत दिसू लागल्या. राखलेल्या तुकड्यावर बिळं दाटली, आणि ज्या भागातलं प्लॅस्टिक काढून वाळलेल्या पाल्याचं पातळ आच्छादन केलं होतं तिथेही, वेलांच्या ओळींमध्ये, काही नवी बिळं सापडली. लांबच्या टोकाला मात्र फरक थोडाच होता आणि तिथे हाताने परागण पुढेही करावं लागलं.

सगळं श्रेय माश्यांना देणं बरोबर होणार नाही. त्या हंगामात फुलोऱ्याच्या वेळी पाऊस कमी पडला, आणि पाऊस नसला की परागण एरवीही बरं होतं. औषधं, आच्छादन आणि बांध हे तिन्ही एकदम बदलल्यामुळे कशाचा वाटा किती, हे या मळ्यावरून वेगळं काढता येत नाही. उणी बाजूही होती. दोडक्यावर सुरुवातीला फळमाशीचं नुकसान वाढलं. सापळे उशिरा लागले होते आणि किडकी फळं वेचण्याची सवय लागायला वेळ गेला. काकूंचं काम वाढलं हे तर निश्चित. भुंगेरे वेचणं, फळं पुरणं, पिशव्या बांधणं, यातलं बरंचसं त्यांच्याच वाट्याला आलं. अशा बदलांचा हिशेब मांडताना या श्रमांची नोंद सहसा होत नाही, म्हणून ती इथे करते आहे.

बांधाच्या शेजाऱ्यांकडच्या टोकाला एकदा यंत्र फिरलंच. चालवणाऱ्याला करार ठाऊक नव्हता. तिथली बिळं गेली.

काय वेगळं करता आलं असतं

राखीव तुकड्याला खुणेचे दगड किंवा खांब पहिल्याच दिवशी लावायला हवे होते. तोंडी करार दोन मालकांत टिकतो, पण यंत्र चालवणारा, मजूर, पाहुणा म्हणून आलेला नातेवाईक यांना तो दिसत नाही. आता खुणा लावल्या आहेत.

बांधाची आणि मळ्याची पहाटेची, दुपारची आणि रात्रीची पाहणी अगदी सुरुवातीला, पर्याय ठरवण्याआधी व्हायला हवी होती. तशी झाली असती तर दोडक्याचं वेळापत्रक आराखड्यात आधीच आलं असतं. प्रत्येक पिकाच्या फुलाची उघडण्याची आणि मिटण्याची वेळ कागदावर लिहून काढायला एक दिवस-रात्र पुरते.

मधल्या काळात उत्साहाने पोकळ बांबूच्या तुकड्यांचं एक 'माशीघर' टांगलं गेलं. त्यात मुंग्यांनी घर केलं आणि पावसात ते कुजलं. कोरड्या आडोशाला नीट बांधलं तर अशा नळ्यांत पानं कापणाऱ्या माश्या राहतात, पण या मळ्याला गरज होती ती जमिनीत राहणाऱ्या माश्यांची आणि त्यांना बांबू लागत नाही, उघडी माती लागते. तो वेळ लांबच्या टोकाला मातीचा एक उतरता, उन्हातला, पाणी न साचणारा उंचवटा करण्यात गेला असता तर मळ्याच्या त्या भागातही बिळं होण्याची शक्यता होती. येत्या हंगामाआधी तो करायचं ठरलं आहे. जागा काकूंनी निवडली आहे, दोडक्याच्या नव्या मांडवापासून हाकेच्या अंतरावर. त्यावर तणनाशक जाऊ नये म्हणून त्या भागाची फवारणी काका स्वतः करणार आहेत, मजुरावर सोडणार नाहीत. शेजाऱ्यांनी आपल्या बाजूलाही एक तुकडा मोकळा ठेवायची तयारी दाखवली आहे, मात्र आळवणी बंद करायला ते अजून राजी नाहीत, आणि त्यांच्या शेतातून येणारी माशी याच भोपळ्यावर बसते, तेव्हा पुढची बोलणी त्याच मुद्द्यावर चालू आहेत.